ठाणे ते रस्धू: हॅमरहेडचा कळप पाहायचा असेल तर

ठाण्याच्या खाडीत हात बुडवला तर कोपरापुढचं दिसत नाही. अशा गावात राहून समुद्राखाली पंचवीस मीटरवर हॅमरहेड शार्कचा कळप पाहायचा, असं मी घरी जाहीर केलं, तेव्हा आईने एवढंच विचारलं, "मोरीच ना ती? स्टेशनबाहेर मावशीकडे मिळते की." तिचंही चूक नव्हतं. आपल्याकडे शार्क म्हणजे मोरी नाहीतर मुशी, आणि ती ओळखीची असते टोपलीतली.

पोहायला शिकण्यापासून पहिला कळप दिसेपर्यंत मला साडेतीन वर्षं लागली. त्यातलं एक वर्ष निव्वळ उलट्या क्रमाने कामं केल्यामुळे वाया गेलं. आधी विमानाची तिकिटं काढली आणि मग कळलं, की माझ्याकडच्या स्कूबाच्या, म्हणजे पाठीला सिलिंडर लावून पाण्याखाली जाण्याच्या, प्रशिक्षण-कार्डावर १८ मीटरच्या खाली जाताच येत नाही. तो क्रम सरळ करून इथे देतोय, थेट मालदीवमधल्या रस्धू बेटापर्यंतचा. ठाणे, ऐरोली, नेरूळ कुठेही राहत असाल तरी रस्ता साधारण हाच.

## १. नेमकं काय पाहायचंय ते आधी समजून घ्या

हॅमरहेड ही एकच जात नाही. फोटोंमध्ये शेकडोंच्या संख्येने डोक्यावरून जाताना दिसते ती 'स्कॅलप्ड हॅमरहेड'. तिच्या हातोडीसारख्या डोक्याची पुढची कड शंखाच्या कडेसारखी खाचांची असते, आणि बरोबर मध्ये एक खाच असते. 'ग्रेट हॅमरहेड' तिच्याहून मोठी, पाठीवर उंच कोयत्यासारखा पर असलेली, आणि बहुधा एकटी फिरणारी. बहामातल्या बिमिनीला आमिष टाकून दाखवतात ती ही. बुकिंग करताना नुसतं 'हॅमरहेड' वाचून पैसे भरू नका, कुठली ते विचारा.

स्कॅलप्ड हॅमरहेड दिवसा कळपाने राहते आणि रात्री पांगून शिकार करते. दिवसाचा कळप समुद्रातल्या एखाद्या बुडालेल्या डोंगराच्या किंवा बेटाच्या सरळ उतरत्या कड्याच्या आसपास घोटाळत असतो. त्यात माद्याच जास्त असतात. कळप का करतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आपल्याला उपयोगाच्या गोष्टी तीन: ती बहुतेक वेळा थंड पाण्याच्या थरात, म्हणजे खोल असते, ती लाजाळू आहे, आणि आपल्या तोंडातून निघणाऱ्या बुडबुड्यांच्या आवाजाने ती बिचकते.

म्हणजे धाडस वगैरे राहू द्या बाजूला. पुरेसं खोल जाता येणं, तिथे पुरेसा वेळ टिकता येणं आणि तो वेळ गप्प राहता येणं, एवढंच कमवायचं आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच.

## २. आधी तरणतलाव

समुद्रकिनाऱ्यावर तुम्हाला सांगतील, "पोहता येत नसलं तरी चालतं." ते चालतं फक्त हात धरून नेणाऱ्या एका फेरीसाठी. कार्ड हवं असेल तर २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगत राहणं जमलं पाहिजे. वेळेची अट नाही, स्टाइलची नाही. मी पस्तिशीत मारोतराव शिंदे तरणतलावात शाळकरी पोरांच्या रांगेत उभा राहून शिकलो. लाज पहिले चार दिवस वाटते.

एक गोष्ट मात्र तलावातच घोटून घ्या. तोंड पाण्यात ठेवून सावकाश, लांब श्वास सोडायचा. हीच सवय पुढे पंचवीस मीटरवर कामाला येते.

## ३. डॉक्टर, कान आणि खरं बोलणं

कोर्सआधी एक वैद्यकीय प्रश्नावली भरायची असते: दमा, फिट येणं, हृदयविकार, कानाचा पडदा, सायनसची शस्त्रक्रिया, सध्या चालू असलेली औषधं. एखाद्या प्रश्नाला 'हो' आलं की काही जागी थेट, काही जागी पुढचे प्रश्न विचारून, डॉक्टरांची सही मागतात. इथे खोटं लिहिणारे पुष्कळ भेटतात. "लहानपणी दमा होता, आता कुठे?" असं म्हणून 'नाही'वर टिक. कृपा करून करू नका. फुफ्फुसात हवा अडकली आणि तुम्ही वर आलात, तर ती हवा फुगते. ३० मीटरवर दाब जमिनीच्या चौपट असतो, म्हणजे तिथली एक लिटर हवा वर येता येता चार लिटर होते. म्हणूनच स्कूबाचा पहिला नियम असा की पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही.

गंमत अशी, की हॅमरहेड स्वतः तो नियम पाळत नाही. हवाईमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार रात्री शिकारीसाठी थंडगार खोल पाण्यात बुडी मारताना ती बहुधा कल्ले मिटून घेते, म्हणजे तिच्या परीने श्वासच रोखते, शरीराची ऊब टिकावी म्हणून. तिला परवडतं.

कानांसाठी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. आणि सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. मी एकदा चोंदलेलं नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरलो होतो. खाली जाताना सगळं ठीक. गोळीचा असर अर्ध्यात उतरला आणि वर येताना कानात हवा अडकली. दहा मीटरवरून वर यायला मला जे काय झालं ते लिहित नाही, पण पुढचे तीन आठवडे डाव्या बाजूने लोकलची घोषणा ऐकू येत नव्हती.

चष्मा असेल तर नंबरचा मास्क बनवून मिळतो. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात.

## ४. पहिलं कार्ड

इथे ठाणेकर हमखास मालवणला फसतात. फसतात म्हणजे कोणी लुबाडतं असं नाही. समज चुकते.

मालवण-तारकर्लीला 'स्कूबा' म्हणून जे होतं त्यात प्रशिक्षक तुमचं सिलिंडर मागून धरून पाच-सात मीटरवर फिरवून आणतो, व्हिडिओ काढतो, संपलं. छान अनुभव आहे, भीती जाते, जरूर करा. कोकणकन्या रात्री ठाण्याला पकडली की सकाळी कुडाळ, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. पण त्याने कसलंही कार्ड मिळत नाही. "मी तीन वेळा मालवणला स्कूबा केलंय" हे वाक्य जगातल्या कुठल्याही डाइव्ह सेंटरवर शून्य धरलं जातं. आणि पावसाळ्यात तिकडचे जलक्रीडा प्रकार बंद असतात; जून ते ऑगस्ट तिकिटं काढून बसू नका.

कार्ड देणाऱ्या संस्था जगभर बऱ्याच आहेत, पॅडी आणि एसएसआय ही आपल्याकडे जास्त दिसणारी नावं. दोन्ही सगळीकडे चालतात, त्यावर वाद घालत बसू नका. कोर्सचं नाव 'ओपन वॉटर'. पॅडीच्या कोर्समध्ये थिअरी घरबसल्या करता येते, मग तलावासारख्या बंदिस्त पाण्यात पाच सत्रं आणि समुद्रात चार डाइव्ह. कुठे करायचा? तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. कर्नाटकात मुर्डेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे. पण सुट्टी आणि पैसे जमत असतील तर अंदमानला, स्वराज द्वीपवर करा. पाणी स्वच्छ असलं की नवशिक्याचा निम्मा घाबरा कमी होतो. कोकणातलं पाणी कधी दहा मीटर दिसतं, कधी दोन. गढूळ पाण्यात शिकलेला पुढे कुठेही टिकतो, असं काही जुने लोक सांगतात. त्यात तथ्य आहे, पण पहिल्याच डाइव्हला समोर स्वतःचा हात दिसला नाही तर माणूस दुसरा डाइव्ह करतच नाही, हेही मी पाहिलंय.

सेंटर निवडताना किंमत सर्वांत शेवटी विचारा. आधी विचारायचे प्रश्न:

- एका प्रशिक्षकामागे किती जण? माझ्या मते चारपेक्षा जास्त असतील तर दुसरीकडे जा.
- बोटीवर ऑक्सिजन किट आहे का? असेल तर दाखवा म्हणावं.
- चार डाइव्ह खरोखर चार दिवसांत की दीड दिवसात उरकणार?

दीड दिवसात उरकणाऱ्याकडे मी शिकलो. कार्ड आलं, पण मास्कमध्ये पाणी शिरलं की काय करायचं ते नीट यायला आणखी आठ डाइव्ह गेले.

## ५. दुसरं कार्ड, नायट्रॉक्स आणि हवेचा हिशोब

ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर. हॅमरहेड त्याच्या खाली. म्हणून 'ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर' हवं, ३० मीटरपर्यंत. नाव भारदस्त असलं तरी हा पाच डाइव्हचा कोर्स आहे, लेखी परीक्षा नाही. त्यात खोल डाइव्ह आणि होकायंत्रावरची दिशा हे दोन सक्तीचे. उरलेल्या तीनांत बॉयन्सी म्हणजे पाण्यात ना वर ना खाली असं अधांतरी राहणं, आणि प्रवाहात वाहत जाणारा ड्रिफ्ट हे दोन घ्या. ज्यांना फोटोचा मोह असतो ते इथे फोटोग्राफी घेतात आणि पुढे रडतात.

सोबत नायट्रॉक्सचं कार्डही काढा. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, नायट्रॉक्सच्या सिलिंडरमध्ये बहुधा ३२ टक्के. नायट्रोजन कमी, त्यामुळे तो अंगात कमी मुरतो आणि खाली जास्त वेळ थांबता येतं. पॅडीच्या तक्त्याप्रमाणे ३० मीटरवर साध्या हवेने २० मिनिटं, ३२ टक्क्याने ३०. सापळा लक्षात ठेवा: नायट्रॉक्स जास्त *वेळ* देतो, जास्त *खोली* देत नाही. उलट ३२ टक्क्यावर ३४ मीटरच्या आसपास ऑक्सिजनच विषारी ठरायला लागतो. आणि सिलिंडरमधलं प्रमाण मीटरने स्वतः मोजायचं. "सर, कालचंच आहे" यावर विश्वास ठेवायचा नाही.

आता हवेचा हिशोब, कारण कळपासमोर किती वेळ मिळणार ते इथेच ठरतं. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण जमिनीवरचा हवेचा दाब) २४०० लिटर हवा. ५० बार राखून ठेवायची, म्हणजे वापरायला १८००. घाबरलेला नवशिका जमिनीवर मिनिटाला २० लिटर ओढतो. २५ मीटरवर दाब साडेतीनपट, म्हणून ७० लिटर. १८०० भागिले ७०: पंचवीस मिनिटं, तीही उतरण्या-चढण्याचं धरून. तोच माणूस शांत झाला आणि १४ लिटरवर आला, तर पस्तीस मिनिटांच्या पुढे जातो. दहा मिनिटं फुकट. त्यासाठी महागडं काही विकत घ्यावं लागत नाही, फक्त डाइव्हची संख्या वाढावी लागते.

किती? माझा आकडा तीस. तीस डाइव्ह होईपर्यंत हॅमरहेडचं तिकीट काढू नका. पंधरा डाइव्हवर जाऊन मी काय केलं ते आठव्या पायरीत आहे.

## ६. कुठे आणि कधी

मोठे कळप पाहायची प्रसिद्ध ठिकाणं पॅसिफिकच्या पलीकडच्या बाजूला आहेत: गॅलापागोसची डार्विन आणि वुल्फ ही बेटं, कोस्टा रिकाचं कोकोस, कोलंबियाचं मालपेलो. तिथे कळप शेकड्यांत मोजतात. पण कोकोसला किनाऱ्यापासून बोटीने जवळजवळ दीड दिवस लागतो, दहा-बारा दिवस बोटीवरच राहायचं असतं आणि पाण्याला ओढ जबरदस्त. पहिल्या फेरीसाठी ते नाही. जपानमध्ये उन्हाळ्यात शिमोदाजवळचं मिकोमोटो आणि हिवाळ्यात योनागुनी, इजिप्तच्या तांबड्या समुद्रात उन्हाळ्यात डेडलस रीफ. हीसुद्धा प्रवाहाची ठिकाणं, पन्नास-शंभर डाइव्ह झालेल्यांची.

आपल्यासाठी सोयीचं ते मालदीवमधलं रस्धू. मुंबईहून मालेला थेट विमान, तीन तासांच्या आत. मालेहून स्पीडबोटीने तासाभरात रस्धू बेट. बेटावर स्थानिक वस्ती आहे, साधी गेस्टहाऊस आहेत, त्यामुळे रिसॉर्टचा खर्च टळतो. बेटाच्या बाहेरचा कडा सरळ खोल समुद्रात उतरतो आणि पहाटेच्या अंधुक उजेडात हॅमरहेड त्या कड्यापासून थोडं दूर, मोकळ्या निळ्या पाण्यात वर आलेल्या असतात. उजेड वाढला की खाली जातात. पाणी २७ ते ३० अंश, तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. मी दोन्ही वेळा फेब्रुवारीत गेलो. जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो.

तिथे शेकडो दिसतील अशी आशा ठेवू नका. पाच दिसतील, पन्नास दिसतील, काहीच दिसणार नाही. स्कॅलप्ड हॅमरहेडला २०१९ पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' ठरवलंय, म्हणजे नामशेष होण्याआधीची शेवटची पायरी. मालदीवने २०१० मध्ये शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली, म्हणून तिकडे निदान शक्यता तरी उरली आहे. हे कळल्यापासून बाजारात हातोडीच्या डोक्याची हातभर पिल्लं टोपलीत दिसली की मी तिथे थांबत नाही. मावशींना वाटतं मी शाकाहारी झालो.

मुक्काम ठरवताना दिवस मोजू नका, पहाटा मोजा. किमान चार हव्यात. पहिला दिवस सेंटरवाले साध्या रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर, चाचणी डाइव्ह करून घेतात, तो धरायचा नाही. आणि शुक्रवारी तिथे बोटींचं वेळापत्रक बदलतं किंवा फेऱ्याच नसतात, तेव्हा येणं-जाणं त्या दिवशी ठेवू नका.

## ७. कागदपत्रं आणि सामान

- पासपोर्ट. सहा महिन्यांपेक्षा कमी मुदत उरली असेल तर आधी नूतनीकरण. ठाणेकरांना वागळे इस्टेटचं सेवा केंद्र जवळ पडतं.
- मालदीवचा व्हिसा भारतीयांना उतरल्यावर, मोफत. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग छापून ठेवा.
- 'इमुगा' नावाचा ऑनलाइन फॉर्म, विमानाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा. मोफत आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती सरकारी नाही.
- दोन्ही डाइव्ह कार्डं आणि नायट्रॉक्सचं कार्ड. मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट, कारण बोटीवर नेट नसतं.
- लॉगबुक. शेवटचा डाइव्ह वर्षभरापूर्वीचा असेल तर उजळणी करायला लावतात, आणि योग्यच करतात.
- डाइव्हिंगचा वेगळा विमा. साध्या प्रवास विम्याची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पॉलिसींत स्कूबा वगळलेलं असतं नाहीतर खोलीची मर्यादा असते. रिकम्प्रेशन चेंबरचा, म्हणजे अंगात बुडबुडे झाले तर ज्या दाबाच्या खोलीत उपचार करतात तिचा, खर्च खिशातून भरायची कुणाची ऐपत नसते. मालेजवळ बंडोस बेटावर असा चेंबर आहे.
- डॉलर. छोट्या गेस्टहाऊसमध्ये माणशी रोज ६ डॉलर हरित कर वेगळा लागतो, पॅकेजमध्ये धरलाय का ते विचारा.

बॅगेत दारूची बाटली नको. विमानतळावर काढून घेतात. स्थानिक बेटांवर ती मिळतही नाही.

सामानातलं स्वतःचं काय घ्यायचं? मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं घड्याळ), आणि पाण्याखालून वर सोडायचा तो लांब नारिंगी फुगा, ज्याला सगळे एसएमबी म्हणतात, रीळासकट. बाकी सूट, फिन्स (पायात घालायची वल्ही), बीसीडी (हवा भरून तरंगता येतं ते जॅकेट), रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा) भाड्याने. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवून नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तुमचा. मिशी असेल तर थोडं पाणी शिरणारच, त्याच्याशी जुळवून घ्या. नवीन मास्कची काच आतून टूथपेस्टने घासायची, नाहीतर पाण्यात धुकं धरतं. कॉम्प्युटर, टॉर्चच्या बॅटऱ्या, पॉवर बँक हे हातातल्या बॅगेत, चाकू-कात्री चेक-इनमध्ये.

## ८. पहाटेचा डाइव्ह

पावणेपाचला उठायचं. पोट रिकामं नको, भरलेलंही नको. मी केळं आणि चहावर जातो. बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्री घेऊन बघा, झोप येते का ते कळतं.

बोटीवर गाईड ब्रीफिंग देतो. तिथे झोपाळू चेहऱ्याने मान डोलावू नका. तीन गोष्टी नक्की विचारा: जास्तीत जास्त खोली किती, कळप दिसला नाही तर किती मिनिटांनी वर यायचं, आणि एकमेकांपासून हरवलो तर काय. मालदीवमध्ये पर्यटक डायव्हरला कायद्याने ३० मीटरच्या खाली जायला मनाई आहे.

उडी 'निगेटिव्ह' असते. म्हणजे बीसीडीतली हवा आधीच पूर्ण काढून टाकायची आणि पाण्यात पडल्या पडल्या थेट खाली जायचं, पृष्ठभागावर तरंगत गप्पा नाहीत. त्यामुळे बोटीवरच सगळं तपासा: व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना, रेग्युलेटरमधून दोन श्वास घेतले ना, मास्क चढवलाय ना. कान पहिल्या मीटरपासून मोकळे करत जा. दुखायची वाट पाहिलीत तर उशीर झाला, आणि तुमच्यासाठी सगळा गट थांबणार नाही.

मग पाच मिनिटांत तुम्ही अशा जागी असता जिथे काहीच नाही. खाली तळ नाही, बाजूला कडा नाही. सगळीकडे एकसारखा निळा-करडा रंग. वर-खाली कळेनासं होतं आणि बसल्या जागी माणूस तीन-चार मीटर खाली सरकतो, त्याला पत्ताही लागत नाही. दर अर्ध्या मिनिटाला कॉम्प्युटर बघायची सवय इथे जीव वाचवते. गोंधळ वाटला तर स्वतःचे बुडबुडे बघा, ते वर जातात. तीस मीटरच्या आसपास नायट्रोजनची थोडी नशाही चढते: कुणाला उगाच हसू येतं, मला घड्याळातला आकडा दोनदा वाचावा लागतो. तसं जाणवलं की चार-पाच मीटर वर या, उतरते.

आता माझी पहिली फेरी. दुसऱ्या पहाटे, आठव्या मिनिटाला, खाली उजवीकडे धुरकट रेघा हलताना दिसल्या. शेपट्या! मी जिवाच्या आकांताने फिन्स मारत त्या दिशेने निघालो. दहा सेकंदांत रेघा गायब. वळून पाहिलं तर गाईड छातीवर हाताची घडी घालून तरंगत होता, आणि बाकी तिघं माझ्याकडे बघत होते. माझी निम्मी हवाही संपली होती. बोटीवर कुणी बोललं नाही. उरलेल्या दोन पहाटा निळं पाणी बघून परत आलो.

तर करायचं असं. गाईड थांबला की थांबा. फिन्स बंद. हात छातीशी. श्वास घ्यायचा तो लांब, सोडायचा तो हळू, एका धारेत, भसकन नाही. पण रोखायचा नाही, कितीही मोह झाला तरी. कळप दिसला तर त्याच्याकडे तोंड करून पोहू नका. त्याच्या वाटेला समांतर, पाठमोरे-तिरके राहा. टॉर्च बंद, फ्लॅश बंद. सिलिंडरवर टकटक करून सोबत्याला बोलावू नका, तो तिथेच आहे आणि त्यालाही दिसतंय. बिचकली नाही तर पुष्कळदा ती एक वळसा घालून परत येते. माझ्यासमोर कळप आला तो दुसऱ्या फेरीत, तिसऱ्या पहाटे. आधी एक मादी आली, डोकं डावी-उजवीकडे हलवत, जणू काही शोधतेय. त्या रुंद डोक्यात विजेचे सूक्ष्म संकेत टिपणारी छिद्रं असतात, असं वाचलं होतं. तेव्हा फक्त एवढंच सुचलं की हिला माझी धडधड कळत असणार. तिच्यामागून उरलेल्या. मोजायला लागलो, बावीसवर आकडा चुकला.

आणि मग सर्वांत मोठा सापळा. कळप सावकाश खाली उतरतो आणि तुम्हाला वाटतं, अजून दोनच मीटर. मग अजून दोन. असे लोक अडतीस मीटरवर जाऊन पोहोचतात, हवा आणि वेळ दोन्ही संपवून. कॉम्प्युटरवर आदल्या रात्रीच २८ मीटरला अलार्म लावून ठेवा. तो वाजला की मुशी कितीही जवळ असो, तिथून वर.

वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा. दोरी नाही, कडा नाही, अधांतरी. बॉयन्सीचा डाइव्ह घ्या म्हटलं होतं तो यासाठी. गाईड फुगा वर सोडतो, तुमचाही तयार ठेवा, कारण प्रवाहाने बोटीपासून बरंच लांब वाहून गेलेले असता आणि पहाटेच्या लाटांत पाण्यावरचं काळं डोकं दिसत नाही.

ती चावेल का, हा प्रश्न घरचे विचारतातच. स्कॅलप्ड हॅमरहेड माणसाला टाळते. त्या पाण्यात धोका आहे तो खोलीचा, प्रवाहाचा आणि तुमच्या उत्साहाचा.

## ९. परतीचा दिवस

शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. मी पूर्ण दिवस सोडतो. अंगात मुरलेला नायट्रोजन उंचीवर हवेचा दाब कमी झाला की बुडबुड्यांच्या रूपाने सुटू शकतो. हेच मालवणच्या कोर्सलाही लागू आहे, आणि ते कुणी सांगत नाही: दुपारी डाइव्ह संपवून संध्याकाळी आंबोली घाट चढून कोल्हापूरमार्गे गाडीने घरी यायचा बेत आखू नका. त्यापेक्षा रात्रीची कोकणकन्या बरी, ती खालून येते.

घरी आल्यावर सांधे ठणकणं, हातापायाला मुंग्या, अंगावर चट्टे, न जाणारा थकवा यांपैकी काही वाटलं तर "प्रवासाचा शीण" म्हणून झोपू नका. विम्याच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की दोन दिवसांपूर्वी स्कूबा केलंय, इतक्या मीटरवर. तुम्ही सांगितलं नाही तर त्यांच्या डोक्यात ते येण्याचं कारण नाही.

लॉगबुक त्याच दिवशी बोटीवर भरा: खोली, मिनिटं, पाण्याचं तापमान, किती बारवर वर आलात. "मुशी: २२+, मग चुकलो" हेही लिहा. सामान ठाण्याला पोहोचल्यावर गोड्या पाण्यात भिजवायचं. आमच्याकडे संध्याकाळचं पाणी यायच्या वेळेला बाल्कनीत बादल्या लावतो. कॉम्प्युटरची बटणं पाण्यात असताना दाबू नका, मीठ आत जातं. सूट आणि मास्क उन्हात टांगू नका, रबर तडकतं. सावलीत, पंख्याखाली, दोन दिवस.